अंडं साध्या पाण्यात बुडतं पण मिठाच्या पाण्यात वर का येतं? मीठ टाकल्यावर अंडं हलकं होतं का?

नाही, अंडं आहे तेवढंच राहतं, पाणी जड होतं. बुडणार की तरंगणार हे नुसत्या वजनावर नसतं हो, तेवढ्याच जागेत मावणाऱ्या पाण्याच्या मानाने ती वस्तू जड की हलकी एवढंच बघायचं, त्यालाच घनता म्हणतात. साध्या पाण्याची घनता १ ग्रॅम प्रति मिली, ताज्या अंड्याची साधारण १.०८, म्हणून ते सरळ तळाला जातं.

घरी करूनच बघा, फार छान दिसतं. ग्लासात २०० मिली पाणी घ्या, अंडं हळूच सोडा, मग चहाच्या चमच्याने एकेक चमचा मीठ टाकून ढवळत रहा (अंडं फुटू देऊ नका). पहिल्या दोन-तीन चमच्यांना ढिम्म हलत नाही, पाच-सहाच्या आसपास ते तळ सोडतं आणि डुलत डुलत वर येतं. मुलांना हे एकदा दाखवाच, नुसती व्याख्या पाठ करून हे डोक्यात शिरत नाही.

आणि समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ च्या आसपासच असते, म्हणजे ताजं अंडं समुद्रातसुद्धा बुडेल! मृत समुद्रात (इस्रायल-जॉर्डनमधलं फार खारट सरोवर) मात्र १.२४, तिथे माणूसही आरामात तरंगतो.

शिळं अंडं साध्या पाण्यात तरंगतं ते वेगळ्या कारणाने, कवचाच्या बारीक छिद्रांतून आतलं पाणी उडून जातं, आतली हवेची पोकळी वाढते, आकार तोच पण वजन कमी, म्हणजे इथे खरंच अंडंच हलकं झालेलं असतं.