यूकेला येऊन सपोर्ट ग्रुप शोधणार असाल तर

तू विचारलंस की सप्टेंबरमध्ये लीड्सला मास्टर्सला येतेयस, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, तर इकडे पिअर सपोर्ट ग्रुप मिळेल का आणि गोऱ्या लोकांत आपल्याला मोकळं बोलता येईल का. मी ११ वर्षं इंग्लंडमध्ये आहे, त्यातली ६ अशाच एका ग्रुपमध्ये, आधी नुसती जाऊन बसायचे आता चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

औषधांचं आधी. व्हिसासोबत वर्षाचे ७७६ पाउंड हेल्थ सरचार्ज भरशील, म्हणजे एनएचएसवर, इथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, तुझा हक्क आहे, आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. तिकडच्या डॉक्टरांकडून गोळीचं जेनेरिक नाव आणि डोस लिहिलेलं पत्र आण, आपले ब्रँड इथे कळत नाहीत. टॉकिंग थेरपीसाठी, म्हणजे समुपदेशनासारख्या बोलून करायच्या उपचारांसाठी, आपणच अर्ज करता येतो, पण वेटिंग असतं आणि त्या दिवसांत ग्रुपचा फार आधार होतो. पिअर सपोर्ट ग्रुपमध्ये डॉक्टर नसतो, अशा आजारातून गेलेली माणसंच एकमेकांचं ऐकतात.

आता तुझा खरा प्रश्न. माझ्या पहिल्या ग्रुपमध्ये मी सांगितलं की बसमध्ये एक माणूस माझ्यावर 'गो होम' म्हणून ओरडला आणि नंतर दोन आठवडे मला घराबाहेर पडवेना. चालवणारी बाई अगदी प्रेमाने म्हणाली, "त्याचा दिवस वाईट गेला असेल, इथे राजकारण नको." घटस्फोट, नोकरी, आईचं आजारपण सगळं चालायचं गं, फक्त माझ्या दुखण्याचं कारण चालत नव्हतं. मी परत गेले नाही, आणि कितीतरी महिने मलाच वाटत राहिलं की आपणच जास्त मनाला लावून घेतो.

म्हणून जॉइन व्हायच्या आधी सरळ विचार, इथे कुणी रेसिझमबद्दल बोललं तर तुम्ही काय करता? नुसतं 'आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे' एवढंच उत्तर आलं तर दुसरा ग्रुप बघ. मी आता चालवते त्या ग्रुपमध्ये 'नक्की तसंच होतं का' असं विचारायचंच नाही, त्या माणसाला बाकीच्यांची शिकवणी घ्यायला लावायचं नाही, आणि कुणी टोचून बोललं तर तिथल्या तिथे थांबवायचं, कारण नंतर बाजूला घेऊन समजावलं तर ज्याला लागलं त्याला ते दिसतच नाही.

आणि हे फक्त आपल्यापुरतं नाही. २०२२-२३ च्या सरकारी आकड्यांत इंग्लंडमध्ये मेंटल हेल्थ अॅक्टखाली, म्हणजे मानसिक आजारासाठीच्या कायद्याखाली, हॉस्पिटलमध्ये सक्तीने दाखल होण्याचं कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण साडेतीन पट होतं. मग आमच्यातला एखादा कृष्णवर्णीय मुलगा 'मला आवाज ऐकू येतात' म्हणायच्या आधी दहादा विचार करतो यात नवल काय. आपल्या घरात त्यांच्याबद्दल जे शब्द सर्रास वापरतात ते तिकडेच ठेवून ये, प्लीज.

आपल्या लोकांचा ग्रुप मिळाला तर जरूर जा, मराठीत रडता येतं ही मोठी गोष्ट आहे. पण तिथे पहिला प्रश्न आडनावाचा येतो. अशाच एका ठिकाणी एका मुलाने आडनाव सांगितलं, दोघंजण एकमेकांकडे बघून गप्प झाले, तो परत आलाच नाही. आमच्याकडे आता फक्त पहिलं नाव, तेही हवं ते सांगायचं.

खूपच वाईट वाटायला लागलं तर ग्रुपच्या दिवसाची वाट बघू नकोस, एनएचएसचा १११ लावून २ दाब, किंवा समॅरिटन्स या मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा ११६ १२३, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही उचलतात. दोन्ही नंबर विमानात बसायच्या आधीच सेव्ह कर.