वाचक विचारतात : परदेशातल्या बालगृहात चित्रकला शिकवायला जाताना

प्रश्न : सप्रेम सलाम. ठाण्यातल्या एका शाळेत ३१ वर्षे कलाशिक्षिका म्हणून काम करून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झाल्यापासून एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुले बसवणे, फलक लिहिणे आणि गॅदरिंगचे पडदे रंगवणे यातच आयुष्य गेले. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका कुटुंबाच्या ओळखीने केनियातल्या एका ख्रिस्ती बालगृहाकडून मला तीन महिन्यांसाठी चित्रकला शिकवायला बोलावणे आले आहे. राहण्या-जेवणाचा खर्च माझा, शिवाय संस्थेला काही देणगी द्यावी असे त्यांनी कळवले आहे. अनाथांचा समाचार घ्यावा हे याकोबाच्या पत्रातले वचन मला लहानपणापासून पाठ आहे आणि पाळकसाहेबही ही देवाची हाक आहे असे म्हणतात. माझा मुलगा मात्र विचारतो, “आई, इथे मुलं कमी आहेत का?” मी जावे का? आणि गेल्यास चित्रांच्या तासाला बायबलमधल्या गोष्टी घ्याव्यात का?
— एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : सलाम. तुमच्या मुलाचा प्रश्न आधी घेते, कारण तो घरातला आहे आणि बराचसा रास्तही आहे. ठाण्यापासून पनवेलपर्यंत बालगृहे आहेत आणि दर शनिवारी न चुकता येणारे माणूस त्यांना मिळता मिळत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही बोलावणे दूरचे आहे एवढ्यावरून ते चुकीचे ठरत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये परदेशातून बायका आल्या, तेव्हा त्यांच्या घरीही कोणीतरी हेच विचारले असेल. फरक इतकाच, की त्यांच्यातल्या ज्यांची नावे आजही घेतली जातात त्या तीन महिन्यांसाठी आलेल्या नव्हत्या.

आता ते वचन. याकोबाच्या पत्रातला १:२७ हा संदर्भ पुन्हा उघडा आणि सावकाश वाचा. तिथे अनाथ आणि विधवा एका दमात आले आहेत. अनाथ म्हणून वापरलेला मूळ ग्रीक शब्द केवळ बाप नसलेल्या मुलालाही लागतो. म्हणजे ज्या मुलाचा समाचार घ्यायला आपल्याला सांगितले आहे, त्याची आई बहुधा लगेच पुढच्या शब्दात उभी आहे. आपण मात्र रविवारच्या शाळेपासून त्या दोघांची ताटातूट करत आलो आणि मुलाला बालगृहात व आईला महिला मंडळाच्या मदतीच्या यादीत ठेवून मोकळे झालो. जगभरातल्या बालगृहांच्या पाहण्यांतून वारंवार हेच दिसले आहे की तिथल्या बहुसंख्य मुलांच्या आई-वडिलांपैकी निदान एक जण हयात असतो आणि मूल तिथे येते ते गरिबी, शाळेचा खर्च, आजारपण किंवा अपंगत्व यांमुळे. केवळ गरिबीसाठी मुलाला घरापासून तोडू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे, आणि डिसेंबर २०१९ मध्ये आमसभेने केलेल्या ठरावात तर अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे आणि पर्यटनामुळे होणाऱ्या हानीचा स्पष्ट उल्लेख आहे. खुद्द केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ ते २०३२ या दहा वर्षांत मुलांना संस्थांमधून कुटुंबांकडे नेण्याचे धोरण जाहीर केले. तुम्ही जाल ती या बदलाच्या मध्यावर जाल, हे लक्षात ठेवा.

म्हणून देणगीचा आकडा ठरवण्याआधी संस्थेला पत्र लिहा आणि सरळ विचारा. नोंदणी चालू आहे का? गेल्या दोन वर्षांत किती मुले आपापल्या घरी किंवा नातेवाइकांकडे परत गेली? सुट्टीत आया, मावश्या, आज्या भेटायला येतात का? मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम आहेत का आणि बाहेरची व्यक्ती मुलांबरोबर एकटी राहणार नाही याची व्यवस्था काय? या प्रश्नांनी चांगली संस्था दुखावत नाही, उलट खुलते. आणखी एक कसोटी मी फार मोलाची मानते : त्यांनी तुमच्याकडे पोलिसांचा दाखला मागितला का? तुमच्याकडे मागितला नसेल, तर तुमच्या आधी येऊन गेलेल्यांकडेही मागितला नसणार.

उत्तरे समाधानकारक आली तर जा. पण मुलांची शिक्षिका म्हणून जाऊ नका. तुमच्या ३१ वर्षांच्या अनुभवाचा खरा उपयोग तिथे कायम राहणाऱ्या माणसांना आहे. बालगृहातल्या मुलांनी आधीच माणसे जाताना पाहिलेली असतात. बारा आठवडे लळा लावून विमानात बसणारी आणखी एक प्रेमळ बाई त्यांना नको असते. तिथल्या काळजीवाहू मावश्या आणि जवळच्या शाळेतली एखादी शिक्षिका यांच्या हाताखाली काम करा. वर्ग त्यांनी घ्यावा, कागद तुम्ही कापून द्यावेत, आणि कमी पैशांत कोणते साहित्य कसे पुरवायचे, चित्र पाहताना काय बोलायचे व काय बोलायचे नाही, हे मुले झोपल्यावर चहा घेत त्यांच्याशी बोलावे. केनियातल्या शाळा जानेवारीत सुरू होतात आणि वर्षाला तीन सत्रे असतात. एप्रिल, ऑगस्ट आणि वर्षअखेर या सुट्ट्या सोडल्या तर दिवसभर मुले शाळेतच असतात, त्यामुळे या मावश्यांबरोबर बसायला तुम्हाला भरपूर वेळ मिळेल.

चित्र पाहताना काय बोलायचे नाही, हे मी एका चुकीतून शिकले. नवी मुंबईतल्या मुलांच्या एका बालगृहात मी काही वर्षे शनिवारी जात असे. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने मेणखडूंनी एक शेळी काढली होती. पाय पाच, पण मान वळवून मागे बघण्याची ऐट अशी की ती मला सोडवेना. नाताळच्या कार्डासाठी मी ते चित्र मागून घेतले आणि त्याने दिलेही. कागदाच्या तळाशी त्याने पेन्सिलीने दोन नावे लिहिली होती, एक स्वतःचे आणि दुसरे मुलींच्या बालगृहात राहणाऱ्या त्याच्या बहिणीचे. छपाईत मापात बसावे म्हणून तळाची बोटभर पट्टी कापायला मीच सांगितले. छापलेले कार्ड हातात घेऊन त्याने शेळीकडे पाहिलेसुद्धा नाही, कार्ड उलटून मागची बाजू पाहिली, परत सरळ केले आणि विचारले, “बाई, नावं कुठे गेली?” मूळ कागद छापखान्यातून परत आला तोही कापलेलाच. मंडळीत त्या कार्डाचे फार कौतुक झाले.

पुढे फ्रीडल डिकर-ब्रांडाईस या चित्रकर्तीविषयी वाचले तेव्हा तो मुलगा पुन्हा डोळ्यांपुढे आला. नाझींनी तेरेझीन इथे डांबलेल्या ज्यू मुलांना १९४२ ते १९४४ या काळात ती चित्रकला शिकवत असे आणि प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव लिहावे असा तिचा आग्रह होता. ज्या ठिकाणी माणसांचे क्रमांक करून टाकले जात होते, तिथे हा आग्रह किती मोठा होता ते सांगायला नको. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले. जाण्यापूर्वी तिने मागे ठेवलेल्या दोन सुटकेसमध्ये मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे निघाली. त्यांपैकी बहुतेक मुले जगली नाहीत; चित्रांवरची नावे उरली. तेव्हा चित्र मुलाचे, त्यावरचे नाव मुलाचे, आणि ते भिंतीवर लावायचे, आईला द्यायचे की फाडून टाकायचे हा निर्णयही मुलाचाच. मुलांचे फोटो काढून आपल्या मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका. दानधर्म करताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, असे प्रभूने सांगितले, ते मोबाइल धरलेल्या हातालाही लागू आहे.

बायबलमधल्या गोष्टी घ्याव्यात का, याचे उत्तर द्यायला मी थोडी कचरते, कारण ते आपल्यातल्या काहींना रुचणार नाही. ख्रिस्ती बालगृहात उपासना आणि संडे स्कूल असणारच. तिथे तुम्हाला बोलावले तर हरवलेल्या मेंढराचा दाखला आनंदाने सांगा आणि काढूनही घ्या. चित्रकलेचा तास मात्र मोकळा असावा. जे मूल जेवणासाठी, अंथरुणासाठी आणि शाळेसाठी आपल्यावर अवलंबून आहे, ते आपल्याला काय आवडते हे ओळखण्यात फार तरबेज होते. तुम्ही क्रूस पाहून हसलात की पुढच्या आठवड्यात तीस क्रूस येतील आणि त्यांतला एकही त्यांचा स्वतःचा नसेल. साक्ष द्यायची तर पेन्सिल मागणाऱ्या तिसाव्या मुलालाही पहिल्याइतक्याच शांतपणे उत्तर देण्यातून ती दिली जाते. ख्रिस्ती चित्रकला म्हणजे सोनेरी केसांचा येशू अशी समजूत सोबत नेऊ नका. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काम केलेले आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी साडी नेसलेली मरिया काढली, तेव्हा त्यांना स्वकीयांचा रोषही पत्करावा लागला. त्यांची चित्रे तिथल्या शिक्षिकेला जरूर दाखवा आणि तुमची मरिया कशी दिसेल, एवढेच विचारा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. पोलिसांच्या दाखल्यासाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करून वागळे इस्टेटमधल्या केंद्रात जावे लागेल. फी ५०० रुपये आहे. केनियात प्रवेशासाठी जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन परवानगी लागते, पण पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर, विनावेतन का होईना, काम करणे योग्य नाही. त्यासाठी यजमान संस्थेने तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून वेगळी परवानगी काढायची असते. ती काढायला कोणी टाळाटाळ करत असेल तर मी त्यालाच उत्तर समजेन. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्या, कारण तिचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर तुम्हाला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. साठीच्या आसपास ही लस जपून देतात, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. नैरोबी उंचावर असल्याने तिथे मलेरियाची भीती कमी असते. व्हिक्टोरिया सरोवराकाठी किंवा समुद्रकिनारी जाणार असाल तर गोळ्यांचेही विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या मंडळीचा तरुण संघ मे महिन्यात दहा दिवसांसाठी नेपाळमधल्या एका बालगृहात जात आहे. चित्रकला, गाणी आणि बायबलच्या गोष्टी असा कार्यक्रम आहे. माझी १९ वर्षांची मुलगी जे.जे. कलामहाविद्यालयात शिकते आणि तिला चित्रांचे काम दिले आहे. व्हिसाही लागत नाही, तेव्हा पाठवायला हरकत नसावी असे वाटते.
— एक वडील, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : व्हिसा लागत नाही, हीच तर अडचण आहे, जाणे सोपे झाले की विचार करायचे राहून जाते. नेपाळमधली बहुतेक बालगृहे काठमांडूचे खोरे, पोखरा आणि चितवन या भागांत, म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथेच एकवटलेली आहेत. मुले मात्र दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांतून आणलेली असतात. शिक्षण मिळेल असे सांगून ती आई-वडिलांकडून घेतली गेल्याची आणि कागदोपत्री अनाथ केली गेल्याची प्रकरणे तिथे उघडकीस आली आहेत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर तर युनिसेफला याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. शिवाय नेपाळच्या राज्यघटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने धर्मांतर करवण्याला मनाई केली आहे आणि २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे; परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढण्याची तरतूदही आहे. बायबलच्या गोष्टींचा कार्यक्रम घेऊन जाणाऱ्या मुलांना हे कोणी सांगितले आहे का, ते संघाच्या प्रमुखांना विचारा.

दहा दिवसांत चित्रकला शिकवून होत नाही, हे तुमच्या मुलीला जे.जे.त पहिल्याच सत्रात कळले असेल. तिने यंदा नेरुळ-बेलापूर परिसरातल्या एखाद्या बालगृहात किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत वर्षभर, आठवड्यातून एकदा जावे. सगळा संघ नेपाळला जाणारच असेल, तर तिथल्या मंडळीच्या तरुणांना भेटून यावे आणि बालगृहाचे दार ओलांडू नये.

प्रश्न : अशा कामाला परदेशी जाताना रंग-कागद इथून न्यावेत का? वारली चित्रे शिकवावीत असा माझा विचार आहे.
— एक कलाशिक्षक, कळवा

उत्तर : रंग नेऊ नका. पोस्टर कलरच्या बाटल्या सामानात सांडतात. सांडल्या नाहीत तरी तुम्ही परतल्यावर त्या संपतात आणि पुढच्या आठवड्यात तास बंद पडतो. तिथल्या बाजारात जे मिळते त्यातूनच सुरुवात करा. वारलीचे हेच बरे आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या आधी डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या घराघरांतल्या बायका भिंतीवर ज्याने काढत आल्या, ते तांदळाचे पीठ, टोक ठेचलेली बांबूची काडी आणि लाल माती एवढेच त्याला लागते, आणि केनियाच्या डोंगराळ भागात लाल माती पायाखालीच असते. पण वारली दाखवून झाली की त्यांचेही काही शिका. पूर्व आफ्रिकेत बायका कांगा नावाचे कापड जोडीने विकत घेतात. त्याच्या चारी बाजूंच्या किनारीला ‘पिंडो’ म्हणतात, मधल्या नक्षीला ‘म्जी’, आणि खालच्या बाजूला स्वाहिलीत छापलेल्या एका ओळीला ‘जीना’, म्हणजे नाव. जुन्या वर्तमानपत्राच्या पानावर प्रत्येक मुलाला आपापला कांगा काढायला द्या. त्या ओळीत काय लिहायचे ते त्याचे त्याला ठरवू द्या, आणि तुम्हाला ती वाचता आली नाही तर भाषांतर विचारू नका.