कल्चरमध्ये वाढलेला जंतू कोणत्या कोडने नोंदवावा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे : रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या चार्टमध्ये डॉक्टरांनी ‘मूत्रमार्गाचा संसर्ग’ एवढेच निदान लिहिले होते, लघवीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) इ. कोलाय हा जीवाणू वाढला होता, आपण एन३९.० (मूत्रमार्गाचा संसर्ग) सोबत ए४९.८ (जागा न सांगितलेला इतर जीवाणू-संसर्ग) लावला आणि ऑडिटमध्ये तो चुकीचा ठरला. तर तेथे बी९६.२० (अन्यत्र वर्गीकृत आजाराचे कारण म्हणून इ. कोलाय) लावायला हवा होता का? अमेरिकेतील आयसीडी-१०-सीएम या निदानांना कोड देण्याच्या पद्धतीच्या नियमांनुसार पाहिल्यास ए४९.८ चूकच आहे. मात्र आपण वर्णन केलेल्या नोंदीवरून बी९६.२०ही लावता येत नाही. दोन्हींची कारणे वेगळी असल्यामुळे ती वेगवेगळी पाहू.

ए४९ हा वर्ग ज्या जीवाणू-संसर्गाची जागा सांगितलेली नाही त्याच्यासाठी आहे. येथे जागा मूत्रमार्ग अशी स्पष्ट आहे. गोंधळ होतो तो एन३९.०च्या शीर्षकातही ‘जागा अनिर्दिष्ट’ असे शब्द असल्यामुळे. पण त्यांचा अर्थ मूत्रमार्गाचा नेमका कोणता भाग हे सांगितलेले नाही, इतकाच आहे. दुसरा सापळा इंडेक्समध्ये, म्हणजे आजारांच्या नावांवरून कोड शोधण्याच्या सूचीत आहे. तेथे ‘संसर्ग’ या मुख्य शब्दाखाली इ. कोलाय शोधला की आधी ए४९.८ दिसतो आणि ‘अन्यत्र वर्गीकृत आजाराचे कारण म्हणून’ ही बी९६.२०कडे नेणारी ओळ त्याखाली असते. घाईत असलेला कोडर, म्हणजे चार्ट वाचून कोड देणारा, पहिल्याच ओळीवर थांबतो. टॅब्युलर लिस्टमध्ये (कोडच्या क्रमवार यादीत) एन३९.०खालील सूचना वाचल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही सवय लावून घेतली तर ही चूक पुन्हा होणार नाही. त्या सूचनेत जंतू ओळखण्यासाठी बी९५ ते बी९७ मधील जादा कोड वापरावा असे स्पष्ट लिहिलेले आहे.

या तीन वर्गांपैकी बी९५ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस आणि एन्टेरोकॉकस आहेत, बी९६ मध्ये इतर जीवाणू आणि बी९७ मध्ये विषाणू. ते नेहमी आजाराच्या कोडच्या मागे येतात, पहिल्या स्थानी कधीही नाही. बुरशी त्यांच्यात नाही, त्यामुळे डॉक्टरांनी कॅन्डिडामुळे मूत्राशयाचा दाह असे लिहिले असेल तर बी३७.४१कडे जावे लागते.

मात्र जादा कोड दरवेळी लागतोच असे नाही, कारण अनेक आजारांच्या कोडमध्येच जंतूचे नाव असते. क्लेबसिएलामुळे झालेल्या न्यूमोनियाला जे१५.०, स्यूडोमोनासमुळे झालेल्या न्यूमोनियाला जे१५.१, एमआरएसएमुळे (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमुळे) झालेल्या न्यूमोनियाला जे१५.२१२ असे स्वतंत्र कोड आहेत, आणि तेथे तोच जंतू बी९५ किंवा बी९६ मधून पुन्हा लिहिणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणे. असे संयुक्त कोड वाढत असतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जे१५.६ (इतर ग्राम-निगेटिव्ह जीवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया) चे विभाजन होऊन असिनेटोबॅक्टर बॉमनीला जे१५.६१ मिळाला, म्हणून जुन्या पाठांतरावर विसंबू नये. याउलट पायाच्या सेल्युलायटिसच्या (त्वचा व तिच्याखालील ऊतींच्या संसर्गाच्या) कोडमध्ये जंतू नसतो, म्हणून एमआरएसए हे कारण नोंदले असेल तर त्यामागे बी९५.६२ येतो. बी९५.६२ मध्ये औषधरोध अंतर्भूत असल्यामुळे पेनिसिलिनरोधाचा झेड१६.११ त्याला जोडायचा नाही. ईएसबीएल प्रकारच्या (अनेक प्रतिजैविके निष्प्रभ करणारे एन्झाइम बनवणाऱ्या) इ. कोलायसाठी मात्र, डॉक्टरांनी तसे नोंदले असल्यास, झेड१६.१२ जोडावा लागतो, कारण बी९६.२० त्या रोधाबद्दल काहीच सांगत नाही.

आता आपल्या चार्टमध्ये बी९६.२० का लावता येत नाही, ते पाहू. माझ्या मते प्रश्नाचे मर्म येथेच आहे. कल्चरचा अहवाल म्हणजे प्रयोगशाळेचे निरीक्षण, निदान नव्हे. नमुना घेताना त्वचेवरील जीवाणू मिसळलेले असू शकतात, किंवा कोणतेही लक्षण नसताना लघवीत जीवाणू सापडू शकतात, ज्यासाठी आर८२.७१ हा निराळाच कोड आहे. वाढलेला जंतू आजाराचे कारण आहे की केवळ तेथे सापडला, हे ठरवणे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे, आणि कोडिंगच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनुसार दाखल रुग्णाच्या तपासणीतील असामान्य निष्कर्ष डॉक्टरांनी त्यांचे वैद्यकीय महत्त्व नोंदवल्याशिवाय कोड केले जात नाहीत. अहवालात जंतूचे नाव कितीही ठळक असो, कोडरने स्वतःहून तो दुवा जोडायचा नसतो. दाखल रुग्णाच्या बाबतीत डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी ‘बहुधा इ. कोलायमुळे’ असे लिहिले तर ते निश्चित निदानासारखे कोड करता येते, बाह्यरुग्ण विभागात नाही. आणि कोविड-१९, एचआयव्ही, झिका अशा काही संसर्गांना ही सवलत दाखल रुग्णांसाठीही नाही.

नवखा असताना मी याच ठिकाणी घसरलो होतो. नाकाच्या स्वॅबमध्ये एमआरएसए सापडलेल्या एका रुग्णाच्या न्यूमोनियाला मी जे१५.२१२ लावला, कारण दोन्ही गोष्टी एकाच चार्टमध्ये होत्या. डॉक्टरांनी प्रत्यक्षात त्याला एमआरएसएचा वाहक म्हटले होते, म्हणजे झेड२२.३२२, आणि न्यूमोनियाचे कारण कुठेच लिहिले नव्हते, म्हणजे जे१८.९. हा फरक कागदापुरता नसतो. जे१५.२१२ मुख्य निदान म्हणून गेला की रुग्णाची नोंद साध्या न्यूमोनियाच्या देयक-गटातून अधिक गंभीर श्वसनसंसर्गाच्या गटात जाते, रुग्णालयाला मिळणारी रक्कम वाढते आणि ऑडिटमध्ये ती परत मागितली जाऊ शकते. माझी चूक बिल जाण्याआधी सापडली, हे नशीब.

आपल्या चार्टसाठी योग्य मार्ग म्हणजे डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे नोंद स्पष्ट करण्यासाठी विचारणा, पाठवणे. ‘हा संसर्ग इ. कोलायमुळे आहे, असे लिहाल का?’ असे विचारू नये, कारण त्यात उत्तर आधीच सुचवलेले असते. कल्चरची तारीख, वाढलेला जंतू, रुग्णाची लक्षणे आणि दिलेले प्रतिजैविक यांची नोंद द्यावी, आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचे कारण विचारून इ. कोलाय, अन्य जंतू, अन्य काही, आणि वैद्यकीयदृष्ट्या सांगता येत नाही असे पर्याय ठेवावेत. डॉक्टरांनी इ. कोलाय हे कारण नोंदवले तर आधी एन३९.० आणि त्यामागे बी९६.२०, नोंदवले नाही तर एकटा एन३९.०.