लूआउ म्हणजे पार्टी नव्हे, आधी अळूचं पान

प्रश्न असा आलाय की हवाईच्या टूरच्या कार्यक्रमात एका संध्याकाळी नुसतं ‘लुआउ’ एवढंच लिहिलंय, तर हा नाचाचा प्रकार आहे की जेवणाचा, मराठीत ‘हवाईयन पार्टी’ म्हटलं तर चालेल का, आणि लिहायचं कसं, लुआउ की लुआव.

पार्टी नका म्हणू प्लीज. लूआउ म्हणजे मुळात अळूचं कोवळं पान. आणि अळू म्हणजे आपलंच अळू, वड्या करतो तेच, शास्त्रीय नाव दोन्हीकडे एकच, कोलोकेशिया एस्क्युलेंटा. हवाईत झाडाला आणि कंदाला म्हणतात कालो, कोवळ्या पानाला लूआउ, आणि ती पानं नारळाच्या दुधात शिजवून त्यात कोंबडी नाहीतर ऑक्टोपस घालतात त्या पदार्थालाही लूआउच. मोठ्या जेवणात हा पदार्थ असायचाच, म्हणून हळूहळू अख्ख्या जेवणालाच ते नाव पडलं. आपल्याकडे ‘मग, लाडू कधी?’ असं विचारलं की लग्नाबद्दल विचारतायत हे सगळ्यांना कळतं ना, तसंच, फक्त तिकडे पदार्थाचं नाव समारंभाला कायमचं चिकटलं.

हे चिकटणं तसं फार जुनं नाही. मेरी कावेना पुकुइ आणि सॅम्युएल एल्बर्ट यांच्या हवाईयन शब्दकोशात नोंद आहे की जेवणावळ ह्या अर्थाने हा शब्द निदान १८५६ पासून सापडतो, पॅसिफिक कमर्शियल अ‍ॅडव्हर्टायझर नावाच्या पेपरात, त्याआधी अशा जेवणाला म्हणायचे पा'इना किंवा 'अहा'आइना (' ही खूण म्हणजे घशात क्षणभर अडायचं). 'अहा म्हणजे जमणं आणि 'आइना म्हणजे जेवण, सरळ शब्द. १८४७ च्या जुलैत राजा कामेहामेहा तिसरा याने नु'उआनू दरीत हजारो लोकांना जेवण घातलं होतं, १८४३ मध्ये इंग्रजांकडून राज्य परत मिळालं त्याच्या वर्धापनदिनाचं, त्याची सामानाची यादी प्रसिद्ध आहे, २७१ डुकरं, ४८२ मोठाली भांडी भरून पोई (अळूच्या कंदाचा लगदा) वगैरे, आणि त्याच यादीत लूआउ येतं ते कोबीच्या जोडीला, पिंपांच्या हिशेबात. म्हणजे तेव्हा ती भाजीच होती! मला ह्या शब्दातलं हे सगळ्यात आवडतं.

आणि ह्या जेवणात बाया-पुरुष एकत्र बसतात हेसुद्धा १८१९ नंतरचं. त्याआधी कापु म्हणजे कडक निषेध होते, बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचं नाही, डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी त्यांना वर्ज्य, मोडलं तर मरणाची शिक्षा होऊ शकायची. १८१९ मध्ये तरुण राजा लिहोलिहो, आई केओपूओलानी आणि सावत्र आई का'आहुमानू ह्या दोघींच्या आग्रहावरून, कोनाच्या किनाऱ्यावर कायलुआला सगळ्यांसमोर बायकांच्या पंगतीत जाऊन जेवला आणि तिथून कापु मोडले. आज लूआउला जे हमखास असतं, इमूत म्हणजे जमिनीत खणलेल्या भट्टीत तापल्या दगडांवर भाजलेलं डुक्कर आणि नारळाच्या दुधातलं अळू, त्यातलं डुक्कर आणि नारळ दोन्ही बायकांना बंद होतं हे लक्षात घ्या, मग ‘पार्टी’ हा शब्द किती तोकडा पडतो ते कळेल.

अळूला तिथे नुसती भाजी मानतच नाहीत. कथा अशी की आकाशपिता वाकेआ आणि हो'ओहोकूकालानी यांचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं, ते पुरलं तिथे कालोचं रोप उगवलं, आणि नंतर झालेला मुलगा हालोआ हा माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. म्हणून पोईचं, म्हणजे उकडून दगडी बत्त्याने कुटलेल्या कंदाच्या लगद्याचं, भांडं उघडलं की त्याच्यासमोर भांडायचं नाही, वेडंवाकडं बोलायचं नाही अशी जुनी रीत, थोरल्याचा मान. कुटुंबाला 'ओहाना म्हणतात तो शब्दही 'ओहा वरून आलाय असं मानतात, 'ओहा म्हणजे मुख्य कंदाला बाजूने फुटणारी पिल्लं. ज्यांच्या परसात अळू आहे त्यांनी ही पिल्लं रोज पाहिलेली असतात.

बाकी खाज दोन्हीकडे सारखीच. आपण चिंच नाहीतर आमसूल घालतो, ते लोक पानांचे देठ आणि टोकं काढून भरपूर वेळ शिजवतात, कच्चट राहिलं तर घसा धरलाच. आपल्याकडेही लग्नाच्या जेवणात अळूचं फदफदं असायचंच, तेव्हा मराठी माणसाला हा पदार्थ समजवायला खरं तर काहीच कष्ट नाहीत.

टूरवाला लूआउ म्हणजे जेवण अधिक हुला (हवाईचा पारंपरिक नाच) अधिक स्टेज शो, शेवटी आगीच्या सुरीचा जो नाच असतो तो मुळात सामोआ बेटांचा, हवाईचा नाही. घरगुती लूआउ वेगळाच, सगळ्यात मोठा बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा, त्याला बेबी लूआउच म्हणतात, नातेवाईक शेजारीपाजारी आधीपासून राबतात, कोणी इमू खणतंय, कोणी पानं साफ करतंय, कोणी लाउलाउ बांधतंय (अळूच्या पानात मांस-मासळी, वरून टी नावाच्या झाडाचं पान, चहाचं नव्हे), आणि निघताना पाहुण्याच्या हातात जेवण बांधून देतात.

उच्चाराचं: पहिला लू दीर्घ, मग घशात क्षणभर अडून आउ, म्हणजे लू'आउ. मधला अडखळा उगीच नाही, तिथे पूर्वी क होता, भाषेने नात्यातल्या कुक बेटांवर अळूच्या पानाला आजही रुकाउ म्हणतात, तिथल्या र च्या जागी हवाईत ल आहे आणि क घशात गेला, सामोआतही लू'आउच. मराठीत रोजच्या लिहिण्यात लूआउ पुरे, लुआव नको, त्यात व कुठेच नाही. वाक्यात पुल्लिंगी ठेवा, ‘त्यांच्या नातवाचा लूआउ होता’, ‘आम्ही लूआउला गेलो’. आणि पदार्थाबद्दल लिहायचं असेल तर सरळ ‘नारळाच्या दुधातलं अळू’ लिहा.