आधी सांगा, कापायचं काय?

मागच्या अंकात आमच्या नाशिकच्या पेठ रोडवरच्या पत्र्याच्या शेडचा फोटो छापून आला आणि महिनाभरात पत्रांची चळत जमली. लाकडी रंधे आणि चाकू बनवणाऱ्या माणसाला कुणी पत्र लिहील असं वाटलं नव्हतं. संपादकांनी आठ पत्रं निवडून दिली. एक मी परत केलं, त्यात नुसतं माझ्या मिशीचं कौतुक होतं. बाकीच्यांना जमतील तशी उत्तरं देतो.

प्रश्न : विजेचा रंधा चार-पाच हजारांत मिळतो. तुमचा लाकडी हातरंधा साडेसहा हजारांना. तो घेतं कोण? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

खरं सांगू? नाशिकचा सुतार घेत नाही. त्याला दिवसाकाठी दारं उतरवायची असतात, ठेकेदार डोक्यावर उभा असतो. त्याला विजेचाच रंधा हवा. फळी जाडीला आणायची असेल तर मीही तोच चालवतो, त्यात कसली लाज? माझे रंधे जातात पुण्याला, बंगळुरूला. कुणी सॉफ्टवेअरवाला रविवारी बाल्कनीत स्टूल करत बसतो, एक डॉक्टरीणबाई आहेत, एक मिरजेचे सतार करणारे कारागीर आहेत.

विजेच्या रंध्याची पाती गोल फिरतात, म्हणून लाकडावर बारीक लाटा राहतात. फळी उजेडाला तिरपी धरा, दिसतील. मग त्या घालवायला पॉलिश पेपर घासत बसा. हातरंध्याचं पातं सरळ जातं. धार नीट असेल तर कागदाहून पातळ ढलपी निघते आणि खालचं लाकूड आरशासारखं राहतं, त्याला पेपर लावायची गरज नाही.

ऑर्डर आली की मी पहिल्यांदा विचारतो, लाकूड कुठलं? सागाला पातं 45 अंशांवर बसवलं की झालं. शिसव किंवा बाभळीची रेषा मध्येच उलटी फिरते आणि 45 अंशांचं पातं तिथे तंतू उचकटून काढतं. तिथे मी 50 ते 55 अंश ठेवतो. ढकलायला जड जातो, पण फाटत नाही. शिवाय रंध्याचं तोंड, म्हणजे पातं आणि त्याच्या पुढची कड यांतली फट, जेमतेम ढलपी सुटेल एवढीच हवी. पुढची कड लाकूड दाबून धरते, म्हणून पातं ते फाडायच्या आधी कापतं. माझ्या वडिलांच्या रंध्याचं तोंड झिजून मोठं झालं होतं तेव्हा त्यांनी तिथे म्हशीच्या शिंगाचा तुकडा बसवला होता. तो रंधा अजून आहे. डाव्या अंगाला त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. दर खंडेनवमीला त्याला झेंडूचं फूल वाहतो. चालवायला मात्र माझा अंगठा त्या खळग्यात बसत नाही, त्यांचा पंजा मोठा होता.

प्रश्न : रंध्याला कुठलं लाकूड वापरता? जुन्या वाड्यांचं सागवान चालतं का? आमचा वाडा पाडायचा ठरलाय. (एक वाचक, जुने नाशिक)

वाडा पाडताय हे वाचून बरं वाटलं नाही, पण तुळया जळाऊच्या भावात देऊ नका एवढं सांगतो. शंभर वर्षं छताखाली वाळलेलं लाकूड कुठल्याच वखारीत मिळत नाही. तिवंध्याजवळच्या एका वाड्याच्या तुळईतून मी आजवर तेवीस रंधे काढलेत. खिळे मात्र चुंबक फिरवून शोधा. मी एकदा आळस केला आणि करवतीचे सहा दात गेले.

साग वाकत-पिळत नाही, म्हणून ठोकळ्याला उत्तम. पण तो तसा मऊ, बूड लवकर झिजतं. म्हणून बुडाला अर्ध्या इंचाची शिसव किंवा बाभळीची पट्टी जोडतो. सागाच्या पोटात सिलिका असते, ती हत्यारांची धार खाते. तुमच्या तुळया कापताना करवतवाला कुरकुरेल, ऐकून घ्या. सबंध ठोकळा बाभळीचा करायचा तर लाकूड इंचाला एक वर्ष या हिशोबानं सावलीत वाळवतो, टोकांना मेण लावून. टोकं उघडी राहिली तर तिथून पाणी आधी उडतं आणि ठोकळा चिरतो.

आणि पावसाळ्यात रंध्याचा ठोकळा कापत नाही. हे शिकायला मला आठ गिऱ्हाइकं गमवावी लागली. 2014 साली जुलैत एकदम आठ रंध्यांची ऑर्डर आली. मी हुरळलो. पात्याची खाच इतकी नेमकी कोरली की पातं दोन्ही गालांना, म्हणजे खाचेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना, चाटून बसायचं. वाटलं, काय कारागिरी! रंधे गेले. डिसेंबरात एकेकाचे फोन यायला लागले, गालाला चीर गेली म्हणून. झालं होतं असं की पावसातलं फुगलेलं लाकूड थंडीत आकसलं, मधलं पोलाद काही आकसलं नाही. लाकडाला जायला जागाच नव्हती. आठही परत घेतले, पैसे दिले, ठोकळे बंबात गेले. तेव्हापासून पात्याच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर मोकळं ठेवतो. कुणी नवशिका पाहून म्हणतो, काका, फिटिंग ढिलं आहे. मी म्हणतो, असू दे.

जून ते सप्टेंबर म्हणून चाकूंचे. भट्टीपुढे बसायलाही तेच दिवस बरे.

प्रश्न : ट्रकच्या कमानपाट्यापासून चाकू केला. लाल करून पाण्यात बुडवला तर 'टिक्' असा आवाज आला, मग वाळूच्या दगडावर घासताना बारीक भेग दिसली. चूक कुठे झाली? (एक तरुण, मालेगाव)

तो 'टिक्' मी पण ऐकलाय बाबा. जेवण गोड लागत नाही त्या दिवशी.

कमानपाट्यात कर्ब साधारण 0.6 टक्के असतो. कोयत्याला, कुऱ्हाडीला चांगलं पोलाद. पण ते तेलात विझवायचं पोलाद आहे. पाण्यानं बाहेरचा थर इतक्या झटक्यात आवळतो की आतला ताण भेग पाडून बाहेर येतो. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं खड्डे खाल्लेल्या पाट्यात आधीच न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. तुझी भेग तुझीच असेल असंही नाही.

पुढच्या वेळी असं कर. संध्याकाळी, अंधुक उजेडात काम कर, भर उन्हात लाल रंग खोटा दिसतो. चुंबक जवळ ठेव. साधारण 770 अंशांना पोलाद चुंबकाला धरायचं सोडतं. तिथून थोडंसं वर नेऊन थांब. घडाई झाल्यावर आधी दोन-तीन वेळा त्याच तापमानाला नेऊन हवेत आपोआप काळं पडू दे, म्हणजे आतला ताण निवळतो. मग कोमट तेलात विझव. लगेच कानस फिरवून बघ, घसरली तर पाणी चढलं, म्हणजे पोलाद कडक झालं. पण या अवस्थेत ते काचेसारखं ठिसूळ असतं, हातातून पडलं तर दोन तुकडे. म्हणून त्याच दिवशी 200 अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेव. पातं वाळल्या गवतासारखं पिवळसर झालं की बरोबर. पुढे ग्राइंडरवर घासताना टोक निळं पडलं तर त्या जागचं पाणी उतरलं समज. बोट भाजेल इतकं तापायच्या आत पाण्यात बुडवत जा.

मी स्वतः आता भंगारचं पोलाद रंध्याला वापरत नाही. सातपूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली, तिथे हाताला सवय लागली बेअरिंगच्या पोलादाची, ईएन 31 ची. एक टक्का कर्ब आणि थोडं क्रोमियम. त्याचं दीड सुताचं, म्हणजे जवळजवळ पाच मिलिमीटर जाड पातं रंध्यात थरथरत नाही. चाकूलाही तेच, फक्त पातळ.

प्रश्न : सांबरशिंगाची मूठ असलेला 11 इंची शिकारी चाकू कराल का? पैशाचा प्रश्न नाही. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

पैशाचा नसला तरी कायद्याचा आहे. सांबर 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतं, शिंग जंगलात गळून पडलेलं असलं तरी घरी आणायचं नाही. आणि घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी नसलेलं, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत अडकतं. शिकार तर बंदच आहे, मग कापणार काय? म्हशीच्या शिंगाची मूठ आणि 5 इंची पातं हवं असेल तर लिहा.

प्रश्न : स्टीलचा चाकू आठ दिवसांत बोथट होतो, टोमॅटो चेपतो. तुमच्या अठराशेच्या चाकूनं फरक पडेल का? (एक गृहिणी, नाशिक रोड)

ताई, आधी सांगा, चिरता कशावर? ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरत असाल तर माझा चाकूही आठच दिवस टिकेल. लाकडी पाट घ्या, चिंचेचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. मग घरातला चिनीमातीचा कप पालथा घाला. बुडाला जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते, तिच्यावर चाकू दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा ओढा. कोन किती? पात्याच्या पाठीखाली काडेपेटी आडवी मावेल इतका. एवढं करून टोमॅटो चिरला नाही तर मग माझ्याकडे या. आणि माझा चाकू साध्या पोलादाचा आहे, स्टेनलेस नाही. कैरी कापून सिंकमध्ये टाकलात तर सकाळी काळा ठिक्कर दिसेल. मेथीला तर विळीच बरी. आमच्या आईनं जन्मात चाकू हातात धरला नाही आणि तिच्याइतकी बारीक कोथिंबीर मला अजून चिरता येत नाही.

प्रश्न : द्राक्षाच्या कलमासाठी चाकू हवा. बाजारातल्या चाकूनं खुंट चिंबतो, मजूर तक्रार करतात. (एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

दादा, हे पत्र वाचून हात शिवशिवले. डॉगरिज जातीच्या वेलाच्या खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या बुंध्यावर, काडी पाचरीसारखी तासून बसवताय, पाचर कलम करताय असं धरतो. आमच्या रंध्यातही पातं पाचरीनंच बसतं, आणि दोन्हीकडे नियम एकच, दोन पृष्ठभाग सपाट असले तरच धरतात. काडीची पाचर गोलसर झाली तर सालीखालचा हिरवा थर खुंटाच्या थराला भिडत नाही, मध्ये पोकळी राहते आणि कलम सुकतं.

बाजारचा चाकू दोन्हीकडून उतरता घासलेला असतो, म्हणून तो काडीत शिरताना एका बाजूला ओढतो आणि काप पोटाशी गोल होतो. कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूनं हवा, दुसरी बाजू काचेवर ठेवली तर डगमगणार नाही इतकी सपाट. आमच्या पटाशीसारखं. पातं अडीच-तीन इंच, जाडी दोन मिलिमीटर, धार सरळ, टोकाला बाक नको. तुमच्या मजुरांत डावखुरे किती ते मोजून कळवा, त्यांना उतार उलट्या अंगाला लागतो. गेल्या वर्षी निफाडच्या एका बागेत बारा चाकू दिले आणि दोघं डावखुरे निघाले. ते बिचारे दिवसभर मनगट वाकडं करून कलमं बांधत होते, बोलले नाहीत. मालकाला वाटलं कामचुकार आहेत.

मूठ मी बाभळीची करतो आणि तेल पाजून ठेवतो, घामानं बुळबुळीत होत नाही. झाडागणिक पातं स्पिरिटनं पुसा. ब्लीचच्या पाण्यात बुडवू नका, दोन दिवसांत गंज खाईल. दुपारच्या जेवणाआधी निसण्यावर, धारेच्या दगडावर, पाच हात मारायची सवय मजुरांना लावा, सपाट बाजू सपाटच ठेवून. ऑगस्टात कलमं धरायची तर जूनअखेर कळवा. नंतर माझ्याकडे रांग असते.

प्रश्न : आयटीआयला आहे. तुमच्याकडे शिकायचंय. यात पोट भरतं का? (वय 19, सिन्नर)

हिशोब सांगतो. एका रंध्याला चार दिवस लागतात, महिन्याला तीन-चार विकले गेले तर नशीब. चाकू दिवसाला एक. रंध्यांवर माझं घर चालत नाही, चाकूंवर चालतं, आणि पहिली पाच वर्षं तर घरच्या मंडळींच्या शिवणकामावर चाललं. ती हे वाचणार आहे, म्हणून खरं लिहितोय. तू नोकरी धर, आयटीआय अर्धवट टाकू नकोस.

शिकायचं असेल तर रविवारी ये. येण्याआधी एक काम कर. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात सकाळी लवकर जा, जुन्या लोखंडाची पथारी असेल तिथे रंध्याचं पातं शोध. गंज असला तरी चालेल, खड्डे नकोत. मला तिथे दोनदा चांगली पाती मिळाली, एक चाळीस रुपयांना. त्याची मागची बाजू धारेपासून बोटभर अंतरापर्यंत सपाट घासून आण, इतकी की त्यात तुझी भुवई दिसली पाहिजे. तीन-चार संध्याकाळी जातील. हात दुखतील.

ठोकळा मी देतो. पण आता नाही, दसऱ्यानंतर. सध्या हवा दमट आहे.