थिबा पॅलेस नक्की कुणाचा?

प्रश्न : रत्नागिरीचा थिबा पॅलेस राजाने बांधला की सरकारने? आणि ब्रह्मदेशचा राजा कोकणात आलाच कसा?

उत्तर : बांधला इंग्रज सरकारने, राजासाठी. १८८५ च्या लढाईत इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला कुटुंबासकट आधी मद्रासला नेलं, मग १८८६ मध्ये रत्नागिरीला, कारण तेव्हा इथे रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटीपण बंद, म्हणजे राजा कुठे जाणार आणि त्याला भेटायला तरी कोण येणार! जवळजवळ चोवीस वर्षं ही माणसं बंगल्यात राहिली, पॅलेसमध्ये राहायला गेली ती थेट १९१० ला. आणि १९१६ मध्ये राजा वारला, म्हणजे एवढ्या मोठ्या वाड्याचं सुख फक्त सहा वर्षं. हे वाचून मला तरी फार वाईट वाटतं.

राणी सुपयालत १९१९ ला ब्रह्मदेशात परतली, राजाची समाधी मात्र रत्नागिरीतच, शिवाजीनगरला आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे मुद्दाम येऊन गेले.

नंतर वास्तू सरकारकडेच राहिली, बरीच वर्षं तिथे पॉलिटेक्निक कॉलेज भरायचं, आता म्युझियम आहे. तिथे गेलात तर घाई करू नका, जांभा दगडाच्या भिंती, वरच्या अर्धगोल खिडक्यांचं लाकडी नक्षीकाम नीट बघा, आणि मागच्या बाजूला जाऊन भाट्याची खाडीपण बघा. समाधी बहुतेक लोक बघतच नाहीत, तुम्ही नक्की जा.