मॉरिशसच्या वॉर्डात मलेरिया शोधू नका

तुम्ही विचारलंय, मॉरिशसच्या सरकारी रुग्णालयात फिजिशियन म्हणून यावं का, 'ट्रॉपिकल' आजारांचा अनुभव मिळेल का, आणि सात वर्षांच्या मुलाचं कसं होईल. परमिटचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सांगत बसत नाही.

ट्रॉपिकल अनुभव हवा असेल तर ऑगस्टात केईएमलाच थांबा. मलेरिया डासांतून पसरतो हे दाखवणारा रोनाल्ड रॉस 1907 साली मलेरियाच्या पाहणीसाठी इथे आला होता, ते मलेरियाचं बेट आता उरलेलं नाही. 1975च्या चक्रीवादळानंतर मलेरिया परतला, तोही पुढे हटवला. आता संशयित आपण: भारतातून आलात की आरोग्य खात्याचा माणूस रक्त घ्यायला दारात हजर. 2006मध्ये चिकुनगुन्याने लोकांना आडवं केलं, डेंगीच्या साथी अधूनमधून येतात. बाकी वॉर्ड मधुमेहाचा. प्रौढांत साधारण पाचात एकाला. काळी पडलेली करंगळी, पट्टीचा वास, आणि सून सांगते, "कालच दिसलं." किडन्या गेलेले, चाळिशीत हार्ट अटॅक आलेले. 1987च्या सुमारास सरकारने खायच्या तेलातलं पामतेल काढून सोयाबीन आणलं, लोकांचं कोलेस्टेरॉल खरंच उतरलं. साखर उतरली नाही. उसाच्या मळ्यात राबलेल्यांची नातवंडं आज खुर्चीवर बसतात, आणि दालपुरी इथे जोडीनेच विकतात!

पेशंट बहुतेक आपल्याच वळणाचे. कोकणातून गेलेल्यांची पणतवंडं गणपतीला आरती म्हणतात, पण पाय कुठे दुखतो ते क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, सांगतात. क्रिओल दोन-चार महिन्यांत जमतं.

कागदपत्रांत माझ्या डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. एका खिडकीवर प्रतिज्ञापत्र चाललं, दुसरीवर तेच नको. असो.

शाळेचं मात्र अजून सलतं. पुस्तकं इंग्रजीत, बाई समजावणार क्रिओलमध्ये, वर फ्रेंच सक्तीचं. माझी लेक वर्गात तोंडच उघडेना. बाईंनी मला बोलावून "हळू आहे" म्हटलं, तिच्यासमोर. आता ती फ्रेंचमध्ये पहिली येते आणि माझ्याशी मराठी बोलायचं टाळते. त्या बाईंवर राग आहेच, पण रात्री झोप उडते ती दुसऱ्या गोष्टीने.

एकटेपणाचं विचाराल तर ड्यूट्याच इतक्या असतात की सवड नाही.

मुलाला आधी सुट्टीत महिनाभर आणा, शेजारच्या पोरांत सोडा. तुमचं रजिस्ट्रेशन तोवर लटकलेलंच असेल.